सांडपाणी आणि मैलापाणी : दोन पाण्यांचा वेगळा हिशेब



स्मरणिकेत धम्मावर, चळवळीवर आणि शिक्षणावर लेख यावेत ही रीतच आहे. यंदा आम्ही मात्र नालीचा विषय घेतला आहे. न्हाणीतले, मोरीतले आणि संडासातले पाणी घराबाहेर पडल्यावर त्याचे पुढे काय होते, याची माहिती सोप्या शब्दांत द्यावी एवढाच हेतू. विषय नाक मुरडण्यासारखा वाटला तरी वाचकांनी शेवटपर्यंत सोबत राहावे, अशी विनंती आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी, असे त्याचे माप ठरले. आयाबायांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा यापरते दुसरे समाधान कोणते? पण विहिरीवरून किंवा बोरिंगवरून आणलेले पाणी जपून वापरले जाई. नळाचे पाणी सढळ हाताने वापरले जाते आणि वापरलेल्या पाण्यापैकी ७० ते ८० टक्के घराबाहेर पडते. पाच माणसांच्या कुटुंबाला २७५ लिटर पाणी मिळाले, तर त्यातले साधारण २०० लिटर रोज बाहेर जाणार, म्हणजे १५ लिटरच्या तेरा बादल्या. शंभर घरांच्या टोलीचे हेच पाणी दिवसाला २०,००० लिटर होते. पाणी आणण्याची योजना गावोगाव आली, पाणी वाटेला लावण्याची योजना मात्र बहुतेक ठिकाणी मागे राहिली.

हे पाणी जाते कोठे? उताराकडे. आणि आपल्या लोकांच्या वस्त्या पुष्कळ गावांत गावकुसाबाहेर, बहुधा सखल जागी वसवलेल्या. वरच्या आळीची नाली बांधली जाते, ती खालच्या आळीच्या तोंडाशी येऊन संपते आणि तेथे डबके साचते. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तो पाणी घेण्याच्या हक्काचा लढा होता. दुसऱ्याने वापरून सोडलेले पाणी आपल्या दारात येऊ न देण्याचा हक्कही आम्हांला त्याच जातीचा वाटतो.

आता मूळ विषयाकडे वळू. घराबाहेर पडणारे पाणी एक नसते, दोन असतात. अंघोळ, धुणे, भांडी यांचे ते सांडपाणी. संडासाचे ते मैलापाणी. सांडपाण्यात साबण, तेलकट, अन्नाचे कण आणि माती असते. प्रमाणाने ते फार, पण त्यात रोगजंतू त्या मानाने कमी. मैलापाणी थोडे असते, पण पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण आणि पोटातील जंत यांचे मूळ त्यात असते. ही दोन पाणी एकत्र केली की थोडे घातक पाणी पुष्कळ साध्या पाण्यात मिसळते आणि सगळेच पाणी घातक होते. पुढचा सारा खर्च आणि सारा धोका या एका चुकीतून वाढतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या आमच्या फुलचूरसारख्या गावांत तर ही चूक करण्याचा मोह जास्त. धानाच्या बांध्यांवर लेआउट पडतात, पक्की घरे उठतात, संडासाची टाकी बांधली जाते आणि टाकीच्या नळीचे तोंड सोयीने समोरच्या नालीत सोडले जाते. घरमालकाच्या दृष्टीने प्रश्न मिटला. नाली जेथे संपते तेथल्या माणसाच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू होतो.

प्रथम सांडपाणी. त्यात रोगजंतू कमी असले तरी ते साचले की डास होतात. सगळे डास एका जातीचे नसतात, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. डेंग्यूचा डास घरातल्या रांजणासारख्या स्वच्छ पाण्यात वाढतो, हिवतापाचाही बहुधा स्वच्छ पाण्यात. नालीच्या आणि डबक्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, आणि तो हत्तीरोग पसरवतो. आपल्या पूर्व विदर्भात हा रोग पूर्वापार आहे. सुजलेला पाय घेऊन आयुष्य काढणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सरकारी मोहिमेत हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात त्या अवश्य घ्याव्यात, पण गोळी रक्तातल्या जंतूंवर काम करते, नालीवर नाही.

सांडपाणी जिरवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे करून उघड्या नाल्यांची गरजच काढून टाकली. डास कमी झाले, विहिरींना पाणी आले. पुढे २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमीच्या निधीतून ते काम जिल्हाभर नेले, म्हणून लोक त्याला नांदेड पॅटर्न म्हणू लागले. रचना अगदी साधी. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मध्ये वरच्या अंगाला छिद्रे पाडलेली सिमेंटची किंवा प्लास्टिकची टाकी. भोवती खाली मोठे दगड, वर लहान दगड आणि गिट्टी. पाणी आधी टाकीत येते, गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी छिद्रांतून दगडांत आणि दगडांतून मातीत जाते. टाकीतला गाळ मधूनमधून काढला की झाले.

मग आपणही घरोघर असे खड्डे काढून मोकळे का होऊ नये? येथे थोडी आकडेमोड करावी लागेल. आमचा दिवस आकड्यांतच जातो, म्हणून वाचकांनी ही सवय सहन करावी.

चार फुटी खड्ड्याचे आकारमान ६४ घनफूट, म्हणजे सुमारे १,८०० लिटर. दगडांनी तो भरला की मोकळी जागा फार तर चाळीस टक्के उरते, म्हणजे सुमारे ७०० लिटर. रोज २०० लिटर पाणी आले तर साडेतीन दिवसांत खड्डा तुडुंब भरेल. तेव्हा खड्डा पाणी साठवतो ही समजूत चुकीची. पाणी पिते ती भोवतालची माती. खड्ड्याच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ६४ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार बारीक रेताड जमिनीचा एक चौरस मीटर दिवसाला साधारण ३३ लिटर असे पाणी पितो, पोयट्याची जमीन २५ लिटर आणि फुगणारी चिकण माती १० लिटरही नाही. सहाने गुणून पाहा. रेताड जमिनीत दिवसाला १९८ लिटर, म्हणजे एका कुटुंबाचे पाणी बरोबर जिरले. पोयट्यात १५०. चिकण मातीत ६० लिटरसुद्धा नाही, म्हणजे उरलेले नऊ-दहा बादल्या पाणी रोज खड्ड्याच्या तोंडातून परत अंगणात येणार.

आपले शेतकरी बांधव जमिनीला सिहार, मोरांड, खरडी, कन्हार, बरडी अशी नावे देतात. इंजिनीअरच्या नकाशापेक्षा ही नावे शोषखड्ड्याच्या कामाला जास्त उपयोगी आहेत. सिहार आणि बरडी पाणी पिते. कन्हार उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगून एकजीव होते, ती पाणी घेत नाही. त्यात धुण्याच्या सोड्याचे पाणी रोज सोडले तर ती आणखी घट्ट होते. आणि कन्हार नसली तरी आपला प्रदेश धानाचा, तलाव-बोड्यांचा. श्रावण-भाद्रपदात बांध्या भरलेल्या असतात, विहिरीचे पाणी वर आलेले असते. जमीन आधीच पाण्याने भरलेली असताना शोषखड्ड्याने ते कोठे ढकलावे? मार्च महिन्यात, आर्थिक वर्ष संपता संपता, घाईने काढलेले शोषखड्डे पहिल्या पावसाळ्यात निकामी झालेले दिसतात त्याचे कारण हे आहे. योजना वाईट नाही. दुसऱ्या मातीतली योजना आपल्या मातीत मोजमाप न करता आणली जाते, हा दोष आहे.

ज्यांच्याकडे सांदवाडी आहे त्यांनी सांडपाणी झाडांना द्यावे. न्हाणीच्या मागे धोपा लावण्याची आपल्या आयांची रीत शास्त्रशुद्ध होती. धोपा, केळी, कर्दळ ही पाण्याची तहान असलेली झाडे आहेत. पाणी एका लहान टाकीतून गाळून, चराने आलटून पालटून द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना देऊ नये. मोरीचे तेलकट पाणी आधी एका छोट्या हौदात थांबवून वरचा तवंग काढावा, नाही तर कोणतीही माती काही महिन्यांत बुजते.

जेथे सांदवाडी नाही आणि माती पाणी पीत नाही तेथे नाली बांधावीच लागेल, पण नालीला शेवट हवा. तो शेवट म्हणजे लहान शुद्धीकरण तलाव. शंभर घरांचे २०,००० लिटर म्हणजे २० घनमीटर पाणी. ते दहा दिवस थांबवायचे ठरवले तर २०० घनमीटर साठा लागतो. सव्वा मीटर खोली धरली तर १६० चौरस मीटर जागा, म्हणजे सुमारे दीड-पावणेदोन गुंठे झाली. एवढी जागा गावाला जड नाही. त्यात उन्हाने शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे सूक्ष्म जीव पाण्यातली घाण खाऊन टाकतात. वीज नको, यंत्र नको. पाण्यात किती घाण आहे हे मोजण्याची रीतही त्यावरूनच निघाली. घाण कुजवताना हे जीव किती प्राणवायू वापरतात ते पाहतात आणि त्याला जैविक प्राणवायू मागणी असे म्हणतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ती लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर असू नये असा नियम आहे. काठावर डास होऊ नयेत म्हणून तलावाची कड उभी आणि गवत काढलेली ठेवावी लागते. आपल्या नागपूरला १९५८ साली या विषयाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि १९७४ पासून ती नीरी या नावाने ओळखली जाते. खडीच्या वाफ्यात पाणवनस्पती लावून त्यांच्या मुळांमधून पाणी शुद्ध करण्याची फायटोरिड ही पद्धत तिचीच. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी एकदा ती समजून घ्यावी.

आता मैलापाणी, आणि या लेखाचा खरा प्रश्न.

आज घरोघर संडास आहेत. त्यांतल्या पक्क्या घरांत बहुधा सेप्टिक टँक असते. लोकांचा समज असा की टाकीत मैला नाहीसा होतो. तसे नाही. टाकीत मैला तळाशी बसतो, थोडा कुजतो आणि उरलेला गाळ साचत जातो. वरून बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे, पण रोगजंतूंनी भरलेले असते. ते नालीत सोडायचे नसून शोषखड्ड्यात सोडायचे असते. आणि दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. टाकी मोठी बांधली म्हणून सुटका होत नाही, उपसण्याचा दिवस फक्त लांबतो.

तो दिवस आला की टाकीत कोण उतरतो? याचे उत्तर या देशात जातीने दिले आहे, आणि ते आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. टाकीत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, फार असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून वास नाही, तेव्हा धोका नाही, असे समजून माणूस उतरतो आणि क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे मरण पावल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हे.

हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली नवा कायदा आला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, तो अमलात आला. संरक्षक साधने न देता कोणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा नियम केवळ नगरपालिकेला आणि ठेकेदाराला नाही, घरमालकालाही लागू आहे. पाचशे-हजार रुपये हातावर ठेवून माणूस उतरवणारा घरमालक आपल्या समाजाचा असला तरी कायद्याने तोही गुन्हेगारच. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाख केली.

सफाईचे काम ही थोर सेवा आहे असे गोड बोलणारे आजही भेटतात. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीजींच्या अशाच गौरवावर कठोर टीका केली होती. आम्हांलाही वाटते, काम थोर म्हणण्यापेक्षा ते कामच उरू नये अशी रचना करावी. आणि तशी रचना आहे. ती म्हणजे दोन खड्ड्यांचा संडास. डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने ती देशभर नेली.

जाळीच्या वीटबांधणीचे, सुमारे एक मीटर व्यासाचे आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त खोलीचे दोन खड्डे. मध्ये वाय अक्षराच्या आकाराची नाली. एक खड्डा सुरू, दुसरा बंद. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा साधारण तीन वर्षे पुरतो. तो भरला की वाट फिरवून दुसरा सुरू करायचा आणि पहिला झाकून ठेवायचा. दोन वर्षांत त्यातला मैला कोरडे, बिनवासाचे खत होतो आणि घरचा माणूस ते स्वतः फावड्याने काढून बांधीत टाकू शकतो. कोणाला बोलवावे लागत नाही. मात्र न्हाणीचे पाणी त्यात सोडले की सगळे फसते. सुरुवातीला दोन पाणी वेगळी ठेवा म्हटले ते यासाठीही. खड्डा विहिरीपासून निदान १० ते १५ मीटर दूर असावा.

येथेही पावसाळ्याची अडचण आहेच. खड्ड्याच्या तळाखाली जमिनीतले पाणी निदान दोन मीटर खोल असावे असे शास्त्र सांगते, भाद्रपदात आपल्याकडे ते कोठून मिळणार? उपाय एकच, खड्डा उंच करावा. निम्मा जमिनीत, निम्मा वर, भोवती मुरूम-मातीचा भराव. हा उपाय नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या वच्चकूपाची, म्हणजे शौचकूपाची, हकीकत आहे. त्याच्या कडा ढासळत, तेव्हा तथागतांनी वीट, दगड किंवा लाकूड यांनी बांधून काढण्याची अनुज्ञा दिली. कूप सखल असल्याने त्यात पाणी शिरे, तेव्हा जोते उंच करण्याची अनुज्ञा दिली. स्नानगृहात पाणी साचे, तेव्हा पाणी बाहेर काढणारी नाली करण्याची अनुज्ञा दिली. हिरव्या गवतावर आणि पाण्यात शौच करू नये हे तर पातिमोक्षाच्या सेखिय नियमांत आहे. अडचण आली, कारण पाहिले, उपाय सांगितला. कोठेही मंत्र नाही, विटाळ नाही. याच परंपरेत सुनीत थेर आहेत. ते भिक्खू होण्यापूर्वी झाडलोट करणारे होते, ही थेरगाथेतली हकीकत आपण जाणताच.

पुणे जिल्ह्यातील देहू येथील डॉ. मापुस्कर यांनी सारे आयुष्य या विषयाला वाहिले. मैल्यापासून गॅस तयार करणारे संडास त्यांनी देहूत उभे केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वसतिगृह, आश्रमशाळा अशा ठिकाणी ती पद्धत विचारात घेण्यासारखी आहे.

बांधून झालेल्या हजारो सेप्टिक टँकांचे काय, असे वाचक विचारतील. त्या टँकरनेच उपसाव्यात. पण टँकर तो मैला कोठे नेऊन ओततो, हेही विचारावे. रात्री एखाद्या नाल्यात ओतला तर पांगोली, बाघ करत तो वैनगंगेलाच मिळणार. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या गावांनी ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसण्याची आणि तो गाळ केंद्रात नेऊन शुद्ध करण्याची व्यवस्था केली. शहराला लागलेल्या गावाला स्वतंत्र केंद्र परवडणार नाही, शेजारच्या शहराच्या केंद्राला जोडून घेण्याची तरतूद स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात आहे.

पैशाविषयी थोडक्यात. २०२०-२१ मध्ये सुरू झालेल्या त्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये असा निकष ठरला. दोन हजार वस्तीच्या गावाला ५ लाख ६० हजार, सहा हजार वस्तीच्या गावाला ३९ लाख ६० हजार. त्यातला तीस टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा. ग्रामसभेत हे आकडे विचारण्याचा प्रत्येक मतदाराला अधिकार आहे. किती आले, त्यातली नाली कोठून कोठवर झाली आणि ती कोठे संपते, हे तीनही प्रश्न विचारावेत. तिसरा विसरू नये.

मोजमापाचे काम मात्र मंडळाच्या विद्यार्थ्यांना करता येईल. ज्या अंगणात शोषखड्डा काढायचा तेथे नियोजित खोलीपर्यंत एक वीतभर रुंदीचे भोक खणावे, तळाशी दोन बोटे रेती टाकावी. आदल्या दिवशी पाणी भरून रात्रभर माती भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा इंच पाणी भरून एक इंच खाली जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. तीस मिनिटांच्या आत गेले तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ मिनिटे लागली तर खोल खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर घ्यावा. साठच्या वर गेले तर तेथे खड्डा काढू नये, नाली आणि तलावाचा विचार करावा. हे माप एकदा वैशाखात घ्यावे आणि एकदा पोळ्याच्या सुमारास, कारण वैशाखातला आकडा एकटा असला तर तो फसवतो. घर, मातीचे नाव, विहिरीतल्या पाण्याची त्या दिवशीची खोली आणि मिनिटे, असे चार रकाने वहीत करावेत. पंचायत समितीचा इंजिनीअर गावात आला की ती वही त्याच्यापुढे ठेवावी.